शिबिराची भवानी

"बीपीची गोळी कुठली चालू होती?" डॉक्टर मुजावरांनी विचारलं.

"त्यांना बीपी नव्हतं," मी म्हणाले.

बेळगावच्या त्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या बाहेर एक अरुंद खोली होती, तिथं आम्ही उभे होतो. डॉक्टर माझ्यापेक्षा वयानं लहान असावेत. हातात आण्णांच्या मेंदूचा फोटो होता आणि तो ते उजेडाकडं धरत होते. फोटोत डाव्या बाजूला एक पांढरा डाग होता, मुठीएवढा.

त्यांनी पुन्हा विचारलं, की कधी तपासलं होतं का. आता माझ्या आवाजात थोडा अभिमानसुद्धा आला असेल. कारण ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं नेमकं कुणाकडंच नव्हतं. मी पर्समधून फोन काढला, आमच्या कार्यक्रमाचं पान उघडलं आणि आण्णांची नोंद त्यांच्यापुढं धरली. परशराम गावडे, वय एकोणसत्तर, निवृत्त पोस्टमन, गाव पिंपळणे. चौदा महिन्यांत अठ्ठावीस तपासण्या. एकशे वीस-ऐंशी. एकशे अठरा-शहात्तर. एकशे बावीस-अठ्ठ्याहत्तर. खाली आलेख, एका पातळीत जाणारी हिरवी रेघ. शेवटची नोंद अकरा दिवसांपूर्वीची.

डॉक्टरांनी बोटानं पान वर सरकवलं, खाली सरकवलं. मग फोन मला परत दिला.

"मॅडम, हे दुसऱ्या कुणाचं तरी असेल."

"माझ्या वडिलांचंच आहे. हा कार्यक्रम मीच बांधलाय."

त्यांनी शांतपणे सांगितलं, की आत्ताच हृदयाचीही तपासणी केलीय. डाव्या कप्प्याची भिंत जाड झालीय. अशी भिंत एका दिवसात जाड होत नाही, महिन्यातही नाही. ह्या माणसाचं रक्त आठ-दहा वर्षं जोरानं धडका मारत होतं.

असे प्रसंग मी पुस्तकांत पुष्कळ वाचले होते. त्यात माणसं भिंतीला टेकतात किंवा खाली बसतात. मी पर्सची चेन लावली.

आण्णा तिसऱ्या दिवशी पहाटे गेले.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा मी पुण्यात एका संस्थेत काम करत होते. आजार झाल्यावर माणूस दवाखान्यात येतो, त्याऐवजी आजार होण्याआधीच दवाखान्यानं त्याला गाठावं, एवढं साधं आमचं म्हणणं होतं. गावोगावच्या आशाताईंकडं आम्ही एकेक टॅबलेट आणि रक्तदाबाचं मशीन दिलं होतं. पंधरा दिवसांतून एकदा गावात किंवा जवळच्या वाडीवर शिबिर. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा दंड पट्ट्यात जायचा आणि आकडा टॅबलेटवर चढायचा. आकडा वाढलेला असला की नाव लाल व्हायचं, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना संदेश जायचा आणि पुण्यात माझ्या पडद्यावरही दिसायचा. पहिलं गाव म्हणून मी माझंच निवडलं होतं. आण्णांनी छत्तीस वर्षं त्या भागात टपाल वाटलं होतं. ज्या घराला पत्ताच नव्हता ते घरही त्यांना ठाऊक होतं. निवृत्तीनंतर ते आशाताईबरोबर वाड्या-वस्त्या फिरायचे.

नवव्या दिवशी दुपारी आई पडवीत बसली होती. भेटायला येणाऱ्यांची रीघ जरा थांबली होती. ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, की साऱ्या तालुक्यानं येऊन तोंड दाखवलं, पण मंगल काही आली नाही.

मंगल सुतार, आमच्या गावची आशाताई. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, मी तिला अक्का म्हणायचे. आण्णा तिला लेकीसारखी मानायचे. मी म्हटलं, बरं नसेल. आई म्हणाली, काल तिला टाकीवर पाणी भरताना कुणीतरी बघितलं. मग विषय बदलावा तशी म्हणाली, "वर्षभर मिठाला हात लावू देत नव्हते. आमटी अळणी व्हायची. उपाशीपोटी लसूण चावायचे. आमच्या भारतीच्या कार्यक्रमात शिकवतात म्हणायचे."

हे मला माहीत होतं. आण्णांनी मीठ कमी केलं हे मी एका अहवालात लिहिलंसुद्धा होतं, नाव न घेता. ज्येष्ठ नागरिकांच्या सवयी बदलत आहेत, अशा अर्थाचं काहीतरी. आईपुढं बसून मला ते वाक्य जसंच्या तसं आठवलं आणि पहिल्यांदा मनात आलं, की ज्याचा आकडा एकशे वीस-ऐंशी आहे, त्याला अळणी आमटी कशाला हवी?

मी चप्पल घातली आणि सुतारांच्या घराकडं गेले.

मंगलाक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला बघून उठली नाही. सूप मांडीवरच ठेवून म्हणाली, "ये. मी यायचंच म्हणत हुते."

"मग आली का नाहीस?"

तिनं ओट्यावरची जागा हातानं झाडली. मी शेजारी बसले. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, भिंत जाड झाल्याचंही. ती ऐकत होती, पण चकित होत नव्हती.

"अक्का, आण्णांचे आकडे कुणी भरले?"

"मीच."

"मशीन बघून?"

"न्हाई."

इतक्या सरळ उत्तराची मी तयारी केली नव्हती. वाटेत मी मनाशी सगळं बोलून घेतलं होतं. ती मशीन बिघडलं म्हणेल, पट्टा सैल बसला म्हणेल, दुसऱ्याच गावड्याच्या नावावर नोंद गेली म्हणेल. मग मी तिला हे सांगेन, ते विचारीन. त्यातलं काहीच आता कामाचं नव्हतं.

तिनं सूप खाली ठेवलं आणि सुरुवातीपासून सांगायला लागली. पहिल्या दोन शिबिरांना कुत्रंसुद्धा आलं नव्हतं हे मला आठवतंय का, असं विचारलं. आठवत होतं. पुण्यात माझ्या पडद्यावर पिंपळण्यापुढं पाचच नावं होती. त्याआधी मशीन चालवून बघताना धनगरवाड्यावरच्या एका म्हातारीचा आकडा लाल आला होता, तिला बेळगावला नेली आणि ती तिकडंच गेली. तेव्हापासून लोक म्हणायला लागले, की पट्टा आवळला की आजार अंगात येतो. आधी नसतो, मशीन आणतं.

"तवा तूच फोनवर म्हणालीस न्हवं," मंगलाक्का म्हणाली, "की ज्याच्यावर लोकांचा इस्वास हाय त्याला पयला बसवा. आण्णांना बसवा म्हणालीस."

म्हणाले होते. आण्णांना फोन देऊन त्यांनाही सांगितलं होतं. ते हसून म्हणाले होते, पोस्टमनचा हात सगळ्यांच्या ओळखीचा आहे, हाच पुढं करतो.

मंगलाक्काची आई आयुष्यभर आठवड्याच्या बाजारात सुकी मासळी विकायची. सकाळची पहिली विक्री, भवानी, चांगल्या गिऱ्हाईकाच्या हातून झाली तर दिवस चांगला जातो. पहिल्याच माणसानं नाक मुरडलं की टोपली तशीच घरी येते. मंगलाक्का टोपलीशेजारी बसूनच मोठी झाली होती. तिसऱ्या शिबिराला देवळासमोर टेबल मांडलं, वीस-पंचवीस माणसं लांब उभी राहून बघत होती, आण्णांनी सदऱ्याची बाही वर केली, मशीन घुर्र करून थांबलं आणि आकडा आला.

"किती?" मी विचारलं.

"एकशे सत्तरच्या वर. मी आण्णांकडं बघितलं. त्यांनीबी वाचलाच हुता की, समोरच तर हुता. माणसं सगळी माझ्या तोंडाकडं बघाय लागलीती. आण्णा हळूच म्हणाले, मंगल, भवानी खराब करू नको."

"मग?"

"मग मी मोठ्यानं सांगितलं, एकशे वीस, ऐंशी. आण्णांनी बाही खाली केली आणि म्हणाले, बघा, मेलो का? त्या दिवशी एकतीस माणसं बसली. तुझा फोन आलता संध्याकाळी. किती खूश हुतीस."

त्या एकतीस जणांत नऊ लाल निघाले होते. नऊही जणांना गोळ्या चालू झाल्या, त्यातला एक तिच्या सख्ख्या थोरल्या दिराचा मुलगा, पस्तीस वर्षांचा. मंगलाक्कानं हे स्वतःच्या बचावासाठी सांगितलं नाही. तशी ती बोलत होती त्या ओघात आलं.

पुढच्या वेळी ती आण्णांना म्हणाली होती, तुम्ही आधी डॉक्टरांकडं जा. ते हो म्हणाले. मग दर शिबिराला ती म्हणायची आणि ते हो म्हणायचे. आरोग्य केंद्रात गोळी घेतली की नाव टॅबलेटवर चढणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बेळगावला खासगी डॉक्टरांकडं जातो म्हणायचे, दिवाळी झाली की, भात कापून झाला की. तोवर मीठ सोडलं, लसूण धरला.

"माझ्यापासून का लपवलं?" मी विचारलं.

"तू पुण्याला त्यांची ती हिरवी रेघ दाखवलीस न्हवं, मोठ्या लोकांना. त्याचा फोटो तूच धाडला हुतास. त्यो त्यांनी साऱ्या गावाला दाखवला. त्याच्यावर मी एकदा भांडले त्यांच्याशी. म्हटलं, आज खरा आकडा भरते, काय व्हायचं ते होऊ दे. तर म्हणाले, नको, भारतीला दिसंल."

मी तिला म्हटलं, आत जाऊन मशीन घेऊन ये. का, ते मलाच नीट कळलं नव्हतं. ती पिशवी घेऊन आली. ह्या मशीनला स्वतःची आठवण असते. शेवटच्या नव्याण्णव तपासण्या, तारीख-वेळेसकट, त्यात राहतात; एक बटण दाबत गेलं की एकेक मागं जाता येतं. आमच्या कामात आम्ही ती कधी वापरली नव्हती. टॅबलेट असताना मशीनला कोण विचारतो?

मी बटण दाबत मागं गेले. बावीस नोव्हेंबर, शेवटचं शिबिर, धनगरवाडा. सकाळी दहा वाजून चार मिनिटं: दोनशे चार, एकशे अठरा. त्याच्यापुढं, दहा वाजून सहा: दोनशे एक, एकशे सोळा. दहा वाजून नऊ: दोनशे सहा, एकशे अठरा.

"तीनदा?"

"त्यांनीच घ्यायला लावला. डोळे मिटून बसले. तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणाले, राहू दे, आज वाड्यावरची माणसं पहिल्यांदा आलीत."

टॅबलेटवर त्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी एकशे बावीस-अठ्ठ्याहत्तर अशी नोंद होती. पुण्यात मी ती त्याच दिवशी बघितली होती. चहा पीत होते.

त्याच्या मागच्या शिबिरात एकशे शहाऐंशी. त्याच्या मागं एकशे अठ्ठ्याहत्तर. त्याच्या मागं एकशे ब्याऐंशी. त्याच्या मागचं मशीनला आठवत नव्हतं.

मी टॅबलेट मागितला. निदान हे चार दिवस तरी खरे लिहायचे, एवढंच डोक्यात होतं. मंगलाक्का म्हणाली, माझं नाव घालून लिही, मी न्हाई म्हणणार न्हाई. तिला ठाऊक होतं की असं लिहिलं तर तिचं काम जाईल. नवरा अंथरुणाला खिळलेला, घरात कमावणारी ती एकटी. मी आण्णांची नोंद उघडली. वरच्या पट्टीवर ‘मृत’ असा शब्द आला होता; ग्रामसेवकानं सोमवारी मृत्यूची नोंद केली होती. दुरुस्तीचं बटण दाबलं तर पडदा म्हणाला, ह्या नोंदीत बदल करता येणार नाही. हा नियम मीच घातला होता. माणूस गेल्यावर कुणी आपली चूक झाकायला आकडे बदलू नयेत, म्हणून.

"होत न्हाई व्हय?" मंगलाक्कानं विचारलं.

"नाही."

"मग आण्णांचं राहू दे. दुसऱ्यांचं बघ."

"दुसरे कोण?"

ती माझ्याकडं बघत राहिली, मला अजून कळलं नाही ह्याचंच तिला नवल वाटल्यासारखी. मग म्हणाली, की तालुक्याच्या बैठकीत सगळ्या जणी तिला विचारायच्या, तुझ्या गावात एवढी माणसं कशी येतात? तिनं सांगितलं होतं. भवानी चांगली करा.

आणि त्याच सुमारास, आठ महिन्यांपूर्वी, मी पुण्यातून सगळ्या गावांना एक सूचना पाठवली होती. पिंपळण्याच्या यशावरून लिहिलेली. विश्वासातला माणूस आधी बसवा.

मी टॅबलेट बाजूला ठेवून माझा फोन काढला. कार्यक्रमातली माहिती मी आजवर हजार तऱ्हांनी चाळली होती. गावाप्रमाणं, वयाप्रमाणं, बाई-पुरुष, जात, धंदा, ऋतू. शिबिरात कितव्या नंबरला कोण बसलं ह्या क्रमानं मात्र कधीच लावली नव्हती. तशी लावायला अर्धं मिनिट लागलं. गावं एक्केचाळीस. शिबिरं सहाशे बारा. प्रत्येक शिबिरातली फक्त पहिली नोंद.

पडदा हिरवा झाला.

मी खाली सरकत गेले. हिरवा. एकशे वीस, एकशे अठरा, एकशे बावीस. सरपंच, पुजारी, निवृत्त हवालदार, भजनी मंडळाचे म्हातारे बुवा, दूध संस्थेचे चेअरमन. बहुतेक गावांत दर खेपेला तोच माणूस, आणि बहुतेक सगळे साठीच्या आसपासचे. त्याच गावांत त्याच वयाच्या दर तिघांत एक लाल होता. ह्या पहिल्या माणसांत एकही नव्हता. सहाशे बारा शिबिरांत एकदाही नाही. आमचे चार लाल संदेश चुकले तरी मी पुण्यात माणसं धारेवर धरत असे, आणि हे एवढं मोठं हिरवं माळरान माझ्या समोर आठ महिने पडलं होतं.

मंगलाक्का माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिला आलेख वाचता येत नव्हता, पण रंग कळत होते.

"अगं आई," ती पुटपुटली. "ही सगळी..."

"ह्यातले किती जण गोळी घेतात, तुला ठाऊक आहे?"

"कशी घेतील? भवानीचा माणूस ठणठणीतच असायला पायजे की."

सांजेचे पावणेसहा वाजले होते. मी यादीतलं पहिलं गाव काढलं, सोनारवाडी, आणि तिथल्या आशाताईला, सरिता नाईकला, फोन लावला. तिनं आधी आण्णांबद्दल दुःख व्यक्त केलं. पिंपळण्याला यायचं होतं पण गाडी मिळाली नाही, म्हणाली. मी म्हटलं, असू दे. तुमच्याकडं शिबिराला पहिलं कोण बसतं?

"चेअरमन. तातोबा पाटील. एकदम ठणठणीत माणूस आहे, ताई."

"मशीन जवळ आहे का? त्याचं उजवीकडचं बटण दाबत मागं जा. मागच्या बुधवारच्या पहिल्या नोंदीपर्यंत. मला वाचून दाखव."

बटणाचे बारीक आवाज येत राहिले. मग ते थांबले. माझ्या शेजारी मंगलाक्कानं पदर तोंडात धरला होता.

"ताई," सरिता म्हणाली, "माझं काम जाईल का?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. "माहीत नाही," मी म्हणाले. "माझंही जाईल कदाचित. चेअरमन आत्ता कुठं आहेत?"

"डेअरीत. संध्याकाळचं दूध घेतायत."

"मशीन घे आणि तिकडं जा. फोन चालू ठेव."

ती चालायला लागल्याचं ऐकू आलं. कुत्रं भुंकलं, कुणीतरी तिला कुठं निघालीस विचारलं, ती चालतच राहिली. मग कॅनांचा खडखडाट आणि पुष्कळ माणसांचा गलका. सरितानं काहीतरी सांगितलं, ते मला नीट कळलं नाही. एक घोगरा आवाज हसत म्हणाला, अगं आज कसलं शिबिर, दूध नासवतेस का. ती म्हणाली, चेअरमन, बाही वर करा. त्यांनी चेष्टा केली. ती पुन्हा तेच म्हणाली, त्याच सुरात.

मशीनची घुरघुर सुरू झाली. मंगलाक्का माझ्या फोनला कान लावून बसली होती. घुरघुर थांबली. सरिता फोनच्या अगदी जवळ येऊन कुजबुजली, "एकशे चौऱ्याण्णव. एकशे दहा."

"मला नको," मी म्हणाले. "त्यांना सांग. मोठ्यानं."

माणसांचा गलका चालूच होता. मग तिनं श्वास घेतला आणि आकडा सांगितला, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. कॅनांचा आवाज थांबला.